पावणेदोन इंचाचा फर्मा

समजा, एक काम तुमच्यावर सोपवलं आहे. नागपूरच्या इतवारीतल्या एका माडीवर शहरातले खेळसामान विकणारे दुकानदार गोळा करायचे, सतरंजीवर बसवायचे, चहा पाजायचा आणि त्यांच्याकडून एवढंच कबूल करून घ्यायचं, की कॅरमच्या बोर्डाची भोकं यापुढे सगळ्यांच्या दुकानात एकाच मापाची असतील. चार कोपरे, चार भोकं, एक माप. वाटतं ना सोपं? आता बसा त्या सतरंजीवर. एक जण म्हणतो, आमच्या वडिलांपासून आमचं भोक असंच आहे. दुसरा म्हणतो, ते राहू द्या, आधी मांज्याच्या भावाचं बोला. तिसऱ्याला चहात साखर कमी लागते. चौथा सगळ्याला मान हलवतो आणि जिना उतरताना शेजारच्याला विचारतो, "काय ठरलं गा?"

चंपतराव कुंभलकरांनी हे काम अंगावर घेतलं ते १९७५ साली. तेव्हा ते खेळसामान व्यापारी संघाचे चिटणीस होते. चिटणीस म्हणजे काय, तर बैठकीआधी सतरंजी झटकायची आणि बैठकीनंतर गुंडाळायची. मधल्या वेळात जे काही होईल ते अध्यक्ष मनोहरराव बघत.

चंपतराव मूळचे खाप्याचे. आयटीआय करून खापरखेड्याच्या वीजघरात फिटर म्हणून लागले होते. कुठलीही वस्तू हातात आली की आधी तिची जाडी बघायची, ही सवय तिथली. पुढे सासरे गोपाळराव अंथरुणाला खिळले. त्यांना मुलगा नव्हता. धरमपेठेतलं त्यांचं खेळण्यांचं दुकान चंपतरावांच्या गळ्यात आलं आणि नोकरी सुटली. येताना त्यांनी सोबत एकच गोष्ट आणली: स्वतःच्या पगारातून घेतलेला व्हर्नियर, केसाएवढी जाडीही मोजणारं मापयंत्र. तो मखमली डबीत असे आणि डबी गल्ल्याशेजारी. गिऱ्हाइकांना त्यात सोन्याचा दागिना असावा असं वाटे.

गोपाळराव संघाच्या संस्थापकांपैकी. त्यामुळे दुकानाबरोबर संघातली त्यांची बसायची जागाही चंपतरावांना मिळाली: अध्यक्षांच्या लगेच शेजारी. संघात सगळं ज्येष्ठतेनं चाले. चहाचा पहिला कप अध्यक्षांना, दुसरा गोपाळरावांच्या दुकानाला, आणि असं करत करत शेवटचा, गार झालेला कप बळीरामला. बळीराम महालातला, स्वतः सुतार, स्वतःच दुकानदार, सगळ्यांत नवा सभासद. चंपतरावांना तिथं नावानं कोणी हाक मारत नसे. सगळे म्हणत, जावईबापू.

जावईबापूंच्या डोक्यात एकच गोष्ट होती, ती म्हणजे ती माडी. संघानं ती भाड्यानं घेतली होती खरी, पण वर्षातून मोजक्या बैठका सोडल्या तर तिथं मनोहररावांचा माल पडलेला असे. होळीच्या पिचकाऱ्यांची पोती, संक्रांतीच्या चक्र्या, फुटबॉलची ब्लॅडरं. चंपतरावांचं म्हणणं असं, की ही माडी रोज संध्याकाळी उघडी असावी. चार-सहा कॅरम, दोन-तीन बुद्धिबळाचे पट, लुडो, व्यापार. ज्याला घरी घेणं जमत नाही त्यानं इथं येऊन खेळावं. लोकांना खेळाचा नाद लागला तर दुकानं चालतील, नाही तर आपण वर्षभर नुसत्या पिचकाऱ्याच विकत बसू.

"फुकट खेळायले मिळालं तर विकत कोण घेईन?" मनोहररावांनी विचारलं होतं.

"देवळात भजन फुकट असते, तरी लोक घरी टाळ ठेवतात न जी," चंपतराव म्हणाले होते.

मनोहरराव हसले. ते सगळ्यालाच हसत. शेवटी त्यांनी माडी हिवाळाभर संध्याकाळपुरती दिली. सभासदांनी एकेक बोर्ड द्यायचा ठरलं. सभासदांनी दिले, म्हणजे दुकानात जो विकला जात नव्हता तो दिला. एकाची फ्रेम वाकडी, एकाचा पाय डुगडुगता, आणि भोकं तर प्रत्येकाची वेगळी. एका बोर्डावर स्ट्रायकर भोकात सरळ गडप होई, दुसऱ्यावर सोंगटीसुद्धा काठाला अडकून बसे. रेल्वेतून निवृत्त झालेले वामनराव शहरातले जुने नावाजलेले खेळाडू. ते दोन संध्याकाळी आले, तिसऱ्या संध्याकाळी स्ट्रायकर रुमालात गुंडाळून उठले.

"कुंभलकर, इथी प्रत्येक बोर्डावर नवा खेळ शिका लागते. माह्यं आता शिकायचं वय नाही," ते म्हणाले.

त्यांच्यामागे चांगले खेळणारे सगळे गेले. माडीवर उरले ते थंडीवाऱ्यातून आडोशाला येणारे.

मनोहररावांनी मग अट घातली. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात संघातर्फे एक स्पर्धा घ्यायची. लोक आले, भांडण न होता पार पडली, तर माडी कायमची खेळासाठी. नाही तर पोती परत वर. म्हणूनच ती सतरंजी, तो चहा आणि ते भोकाचं माप.

मापाची बैठक तीनदा झाली. पहिल्यांदा मांज्यावर संपली, दुसऱ्यांदा कोणाच्या तरी पुतण्याच्या लग्नावर. तिसऱ्यांदा चंपतराव पितळेची एक गोल चकती घेऊन गेले. वीजघरातल्या जुन्या मित्राकडून त्यांनी ती लेथवर कातून घेतली होती. पावणेदोन इंच, व्यास सगळीकडून सारखा. सुतार ज्याला फर्मा म्हणतात तो: लाकडावर ठेवायचा, भोवती पेन्सिल फिरवायची, रेघेवर कापायचं.

"हा संघाचा फर्मा," ते म्हणाले. "ज्याला बोर्ड करायचा त्यानं याच्यावरून करायचा. उन्हाळ्याच्या स्पर्धेत प्रत्येकाचा एक नवा बोर्ड लागणार."

चकती हातोहात फिरली. पितळ चकाकत होतं. बहुतेक त्यामुळेच ठराव मंजूर झाला.

चंपतरावांनी दुसऱ्याच दिवशी आपल्या दुकानाचा बोर्ड त्या चकतीवरून आखून घेतला. मनोहररावांनी त्यांच्या सुताराकडून चकतीची प्लायवूडची एक नक्कल करून ठेवली. आणि तेवढ्यात खंडेनवमी आली.

खंडेनवमीला संघात हत्यारांची पूजा होई. रंधा, पटाशी, करवत, आणि त्या वर्षी फर्मा. मनोहररावांच्या घरच्या मंडळींनी चकतीला हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. पूजा झाल्यावर मनोहररावांनी ती काचेच्या चौकटीत बसवून माडीवरच्या गणपतीच्या फोटोशेजारी टांगली.

"अध्यक्षजी, हा फर्मा सुतारांले द्यायचा आहे," चंपतराव म्हणाले.

"पूजा झालेली वस्तू आता कोणाच्या हातोड्याखाली देता जावईबापू? लाकडी नक्कल आहे न. तीच फिरू द्या."

चंपतरावांनी नक्कल बघायला मागितली. ती तेव्हाच पुढच्या दुकानदाराकडे गेली होती. पितळी फर्म्यावरून झालेली नक्कल, त्यात काय बिघडणार, असा त्यांनी विचार केला. त्यांचा स्वतःचा बोर्ड तर बिनचूक झाला होता. हिवाळा दुकानाच्या गर्दीत गेला.

मे उजाडला. स्पर्धेच्या दिवशी बोर्ड भिंतीच्या कडेनं लागले, अर्थातच ज्येष्ठतेनं. दाराशी मनोहररावांचा, मग गोपाळरावांच्या दुकानाचा, आणि अगदी टोकाला, कूलरच्या समोर, बळीरामचा. कूलरचं वेगळंच त्रांगडं होतं. लावला की ओलसर हवेनं बोरिक पावडरचे गोळे होत आणि सोंगट्या मध्येच थांबत. बंद केला की खेळणाऱ्यांचा घाम बोर्डावर टपके. "लावा," "बंद करा," "अरे लावा न," असं सकाळपासून चाललं होतं. चंपतराव बटणापाशी उभे होते. स्पर्धेचं उद्घाटन त्यांनी तिथूनच पाहिलं.

वामनराव आले होते. चंपतराव स्वतः त्यांच्या घरी जाऊन विनंती करून आले होते. सगळे बोर्ड एका मापाचे, माझा शब्द, असं सांगून. चिठ्ठीत त्यांच्या वाट्याला शेवटचा बोर्ड आला.

वामनरावांनी पहिला स्ट्रायकर मारला. दोन सोंगट्या गेल्या आणि मागोमाग स्ट्रायकरही गेला. दंड भरला. पुन्हा मारला, पुन्हा गेला. तिसऱ्यांदा त्यांनी स्ट्रायकर नुसता भोकाच्या काठाला टेकवून सोडला. तो लोळत आत गेला आणि जाळीत पडला. वामनरावांनी मान वर केली.

"कुंभलकर, इकडे या. भोक म्हणून बोलावलं, इथी तर विहीर आहे."

चंपतरावांनी बटण सोडलं, खिशातली डबी काढली आणि व्हर्नियर भोकाला लावला. मग शेजारच्या बोर्डाला लावला. मग त्याच्या शेजारच्या. भिंतीच्या कडेनं ते टोकापासून दारापर्यंत वाकून वाकून गेले. खेळणारे हात वर करून थांबले. दारापाशी पोचून चंपतरावांनी व्हर्नियर मिटला. त्यांचा स्वतःचा बोर्ड बरोबर होता. बाकी एकही नव्हता. तो एक सोडला तर दारापासून टोकाकडे प्रत्येक भोक आधीच्यापेक्षा थोडं मोठं. कुठं पाव सूत, कुठं अर्धं; सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. भोकांचीही ज्येष्ठता लागली होती.

"बळीराम, तू फर्मा कोणता वापरला?"

बळीरामनं पिशवीतून प्लायवूडची चकती काढली. तीही मापाहून मोठी निघाली. "बाजूच्या बोर्डवाल्या देवाजीनं दिला तो. म्हणे हा संघाचा."

"मनोहररावांकडची नक्कल कुठं आहे?"

"थे मले काय माहीत जी? आपलं हत्यार कोणी दुसऱ्याच्या हातात देते का? ज्यानं त्यानं आपल्याकडे आलेला फर्मा ठेवून घेतला. पुढच्यासाठी नवा कापून देला."

"म्हणजे नकलेवरून नक्कल?"

"हाव."

"आणि पेन्सिल?"

बळीरामनं कानामागची पेन्सिल काढून दाखवली. सुतारकामाची, चपटी, करंगळीएवढी जाड. "रेघेच्या भायेरून कापलं. आतून कापलं असतं तर फर्मा लहान झाला असता न," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

प्रत्येक सुतारानं काळजी घेतली होती. प्रत्येकानं आपल्या बाजूनं चूक होऊ नये म्हणून रेघभर जास्त ठेवलं होतं. एकानं जरी निष्काळजीपणा केला असता तर कदाचित हिशोब जुळला असता.

"जावईबापू," मागून कोणीतरी म्हणालं, "कूलर बंद झाला."

वामनरावांनी स्ट्रायकर रुमालात गुंडाळला. "तुमच्या शब्दाचं माप घ्या आता त्या यंत्रानं," एवढं म्हणून ते जिना उतरले. त्यांच्यामागे चांगले खेळाडू उठले. चंपतराव मनोहररावांकडे धावले.

"अध्यक्षजी, ती चौकट उतरवू द्या. आजच्या आज नवे फर्मे कापतो. बोर्डांच्या कोपऱ्यांत पट्ट्या बसवू, उद्या पुन्हा सुरू करू."

मनोहरराव पान लावत होते. "पुढच्या खंडेनवमीपर्यंत नाही उतरत बाप्पा. देवाजवळची वस्तू आहे."

"मग माडी जाईल."

"पाहू न."

चंपतराव भिंतीला टेकून उभे राहिले. खाली हातगाडीवाल्यांची ओरड चालू होती. त्यांना वीजघर आठवलं. तिथं एखादा नट सैल बसला तर तो परत काढायचा असतो, त्याला हळद-कुंकू लावत नाहीत.

तेवढ्यात कोपऱ्यातून बायकांच्या हसण्याचा आवाज आला. बळीरामच्या बोर्डावर यमुताई बसल्या होत्या. यमुताई माडीच्या मागच्या गल्लीतल्या, पापड-लोणच्याच्या उद्योगातल्या. बायकांच्या स्पर्धेत कोणी नाव दिलं नव्हतं, म्हणून चंपतरावांनीच त्यांना नुसतं बघायला या म्हटलं होतं. रिकामा बोर्ड दिसला तसा त्यांनी पदर खोचून स्ट्रायकर मारला होता.

"अवं, गेली वं," त्या शेजारणीला म्हणाल्या. "माह्या भावाच्या बोर्डावर जलमात एक नाही गेली."

"मले मारू दे एकदा."

"थांब न, राणी घेऊन राहिली मी."

राणी गेली. कव्हरही गेलं. ज्यांनी आयुष्यात फक्त दुसऱ्यांना खेळताना पाहिलं होतं, त्यांच्या बोटांनी सोंगट्या जाऊ लागल्या. स्पर्धा बघायला आलेला एक पोस्टमन बसला. कापडाच्या दुकानातले नोकर बसले. दुपारपर्यंत त्या टोकाच्या बोर्डाभोवती उभं राहायला जागा नव्हती, आणि दाराकडच्या, बरोबर मापाच्या बोर्डावर कोणीतरी चहाचे कप ठेवले होते. चंपतरावांनी ते कप उचलले. काही वेळानं बघतात तर पुन्हा कप.

संध्याकाळी मनोहररावांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, की माडी आता खेळासाठी. टाळ्या पडल्या. पुढचं वाक्य चंपतरावांना नीट ऐकू आलं, तरी त्यांनी शेजाऱ्याला पुन्हा विचारून खात्री केली. संघाचा मंजूर फर्मा म्हणून यापुढे बळीरामचा फर्मा चालेल.

घरी गेल्यावर गोपिकाबाईंनी ताट वाढलं. त्या गोपाळरावांची मुलगी, दुकानदारीत लहानाच्या मोठ्या झालेल्या. चंपतराव जेवता जेवता सगळं सांगत होते आणि भाकरीचा तुकडा वरणात बुडवून तसाच धरून होते.

"म्हणजे माडी भेटली," गोपिकाबाई म्हणाल्या.

"भेटली. पण ते कॅरम नाही वं. त्या भोकात उद्या बशी जाईन."

"तुम्हाले माडी पायजे होती का माप?"

"दोन्ही."

"मंग सकाळी बाजारात जाऊन एकाच भावात तूर आणि तांदूळ मागा," त्या म्हणाल्या आणि वरण वाढलं. "जेवा. गार होऊन राहिलं."

पुढची वर्षं चंपतरावांना रोज तीच कटकट झाली. धरमपेठेच्या दुकानात गिऱ्हाईक येई आणि विचारी, "संघाचा बोर्ड आहे का, इतवारीतल्या माडीवर आहे तसा?" चंपतराव आपला पावणेदोन इंचाचा बोर्ड पुढे करत. गिऱ्हाईक भोकात बोट घालून बघे, आणि लहान आहे म्हणून परत जाई. चंपतराव समजावून सांगत. नियम सांगत. व्हर्नियर काढून दाखवत. शेवटी गोपिकाबाईंनीच बळीरामकडून बोर्ड मागवायला सुरुवात केली. ते गल्ल्यामागे ठेवले जात. चंपतराव जेवायला घरी गेले की विकले जात.

माडी मात्र भरू लागली. संघानं कंदील-बत्तीची सोय केली, वीज गेली तरी खेळ थांबू नये म्हणून. दर उन्हाळ्यात स्पर्धा, दिवाळीच्या सुट्टीत पोरींसाठी बुद्धिबळाची शिकवणी. यमुताईंच्या मंडळींनी मंगळवार दुपार आपल्या नावावर करून घेतली. एका पावसाळ्यात वामनरावही परत आले. खिडकीपाशी चंपतरावांचा तो एकमेव बरोबर बोर्ड होता. त्यांनी त्यावरचे कप खाली ठेवले, पावडर टाकली आणि म्हणाले, "बसा कुंभलकर. दोघं तर आहोत." यमुताईंच्या मंगळवारातली एक मुलगी पुढे त्या खिडकीपाशी येऊन बसू लागली. मोठ्या भोकांचा कंटाळा आला म्हणाली. मग आणखी दोघं-तिघं आले. चंपतरावांना वाटलं होतं त्याच्या अगदी उलट्या दारानं लोक बरोबर मापापाशी येत होते. त्यानं ते सुखावले नाहीत. उलट जास्तच चिडले, कारण हे कसं झालं ते कुठल्याच मोजपट्टीवर दिसत नव्हतं.

१९८४ साली मनोहररावांनी धंदा आवरला आणि अध्यक्षपद सोडलं. त्यांच्या गोदामातून संघाचं सामान परत आलं, त्यात त्यांच्या सुतारानं केलेली ती पहिली नक्कल होती. ज्या दुकानदाराकडे ती सगळ्यांत आधी गेली होती, त्यानं कधीतरी परत करून टाकली असावी. चंपतरावांनी डबी उघडली. बाकीचे फर्मे रेघेरेघेनं वाढले होते, हे त्यांना माहीत होतं; दाराशी मनोहररावांच्या बोर्डाचं भोक नेमकं किती मोठं होतं, ते मात्र स्पर्धेच्या गडबडीत त्यांनी टिपलं नव्हतं. ही नक्कल थेट पितळावरून झालेली, हिच्यात फार तर एका रेघेचा फरक असायला हवा होता. फरक चांगला दीड सूत निघाला. एवढी जाड पेन्सिल नागपुरात कुठं मिळत नाही.

ते चकती खिशात घालून मनोहररावांच्या घरी गेले. मनोहरराव अंगणात खाटेवर बसून संत्री सोलत होते.

"अध्यक्षजी, ही तुमची नक्कल. मोठी आहे."

मनोहररावांनी चकती हातात घेतली, उन्हाकडे धरली. "जुनी झाली. लाकूड फुगते."

"प्लायवूड आडवं फुगत नाही."

"तुम्ही शिकलेले आहात बाप्पा." त्यांनी अर्धं संत्र पुढे केलं. "घ्या. काटोलकडचं आहे. माडीवर आता किती लोक येतात?"

"बसायले जागा नसते."

"मंग?" मनोहरराव म्हणाले आणि हसले. ते सगळ्यालाच हसत, म्हणून त्या हसण्यावरून काही ठरवता येईना. चंपतरावांनी संत्र खाल्लं, बिया मुठीत धरल्या आणि आणखी थोडा वेळ बसले. मनोहरराव पाऊसपाण्याचं बोलत राहिले.

पितळी चकती अजून चौकटीत आहे, गणपतीशेजारी. आता चंपतराव स्वतः अध्यक्ष आहेत, मनात आणलं तर उतरवू शकतात. दर खंडेनवमीला ते काच पुसतात आणि तिथंच ठेवतात. खालून बळीराम विचारतो, "काहून जी, काढत नाही का?" ते फडकं झटकतात आणि खाली उतरतात. त्यांना स्वतःला एका प्रश्नाचं उत्तर मिळायचं आहे: पितळी फर्मा प्लायवूडवर ठेवून पहिली रेघ मारली, तेव्हा मनोहररावांनी आपल्या सुताराला काय सांगितलं होतं?